लोखंडी क्रूसाच्या डोंगरावर

फ्रेंच कामिनो म्हणजे फ्रान्सच्या सीमेवरच्या सें-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो शहरापर्यंतची, यात्रेकरूंची सुमारे ७८० किलोमीटरची पायवाट. तिचा सर्वांत उंच पट्टा आस्तोर्गाच्या पुढे, लेओनच्या डोंगरांत लागतो. राबानाल ते मोलिनासेका, साधारण २५ किलोमीटर. या एका दिवसाबद्दलच लिहिते, कारण ही वाट कुणाच्या जिवावर टिकून आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

मी वसईची, आगाशीची. आमचं चर्च संत याकोबाच्या नावाचं. सांतियागो म्हणजे तोच याकोब, येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. त्याची कबर सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा आहे, म्हणून तर हा सगळा प्रवास. लहानपणापासून २५ जुलैचा सण पाहिलेला, त्यामुळे मला तिथे परक्या संताकडे निघाल्यासारखं कधी वाटलं नाही.

राबानाल चिमुकलं गाव आहे. आदल्या संध्याकाळी सांता मारियाच्या जुन्या दगडी चर्चमध्ये बेनेडिक्टाइन मठवासी लॅटिनमधून सायंप्रार्थना गातात. आवाज मोजकेच, पण भिंती तो सूर धरून ठेवतात. समोरच गौसेल्मो नावाचं आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाचं घर आहे. ब्रिटनमधली संत याकोबाची एक यात्रेकरू संस्था ते चालवते आणि तिथे राबणारे सगळे स्वयंसेवक. त्या दिवशीच्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. आधी स्वतः चालून गेलेल्या, आता दुसऱ्यांच्या गाद्या झटकायला आणि चहा करायला आलेल्या.

पहाटे निघालो तेव्हा हवा बोचरी होती. फोन्सेबादोनपर्यंत चढच चढ. जून असल्यामुळे दोन्ही बाजूंना पिवळ्या आणि जांभळ्या फुलांची झुडपं होती. एकेकाळी हे गाव जवळपास ओस पडलं होतं, छपरं कोसळली होती. यात्रेकरू वाढले तशी आल्बेर्गे उघडली आणि चुली पुन्हा पेटल्या. ज्याच्या नावाने राबानालचं आल्बेर्गे आहे तो गौसेल्मो इथलाच, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा एकांतवासी. बर्फात वाट चुकणाऱ्यांसाठी त्याने इथे धर्मशाळा बांधली.

त्याच्या पुढे क्रूस दे फेर्रो, म्हणजे लोखंडी क्रूस. उंची १,५०० मीटरच्या आसपास. ओकचा उंच खांब, टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी यात्रेकरूंनी घरून आणलेल्या दगडांचा ढीग. मूळ क्रूस आस्तोर्गाच्या संग्रहालयात आहे, खांबावर दिसते ती प्रत. आईने मला वाडीतल्या विहिरीजवळचा एक काळा दगड दिला होता. “काही मागू नकोस,” ती म्हणाली होती, “तिथं ठेव आणि आपल्या माणसांची नावं घे.” मी ढिगावर चढले, दगड ठेवला आणि नावं घेतली. गेलेल्यांची आधी, मग असलेल्यांची. शेजारी एक कोरियन आजी गुडघ्यांवर बसून रडत होत्या. त्यांना उठताना हात दिला. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. खालच्या गावापर्यंत आम्ही सोबत चाललो.

आपल्याकडे पंढरीच्या वारीत दिंडी असते, टाळ असतात, पुढे माउलींची पालखी असते. इथे माणूस बहुतेक वेळ एकटा चालतो आणि त्याला धीर देतात ते पिवळे बाण. दगडावर, भिंतीवर, झाडावर रंगवलेले. हे बाण रंगवायला १९८४ साली सुरुवात केली ती याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांनी. तेव्हा या वाटेने फारच थोडे लोक जात. २०२३ साली ४ लाखांहून अधिक यात्रेकरूंना सांतियागोत प्रमाणपत्र मिळालं. रंगाचा डबा घेऊन एकेक वळण शोधत गेलेल्या त्या धर्मगुरूंचं ऋण माझ्या मनात फार मोठं आहे. संशय आला की बाण दिसायचा आणि दर वेळी मी त्यांच्यासाठी एक ‘नमो मारिया’ म्हणायचे.

उतार मात्र चढापेक्षा कठीण. जवळजवळ ९०० मीटर खाली यायचं, तेही सुट्या पाटीच्या दगडांवरून. गुडघे जळतात, बोटं बुटाच्या टोकावर आदळतात. इथे दोन्ही हातांत काठ्या हव्यातच. एल आसेबो दिसतं ते आधी त्याच्या काळ्या पाटीच्या छपरांनी. मध्ययुगात या डोंगरातल्या गावकऱ्यांना करमाफी होती. त्या बदल्यात बर्फात वाट दिसावी म्हणून त्यांनी कडेने खांब रोवून ते सांभाळायचे. थंडीवाऱ्यात कुणीतरी उठून पडलेला खांब पुन्हा उभा करत असेल, अनोळखी माणसासाठी. कोरियन आजींना मी हे खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुढच्या बाणावर तळहात ठेवला.

रिएगो दे आंब्रोसनंतर चेस्टनटच्या जुन्या झाडांची सावली लागली आणि दुपारी मोलिनासेकाचा दगडी पूल आला. खाली मेरुएलो नदी. यात्रेकरू पाण्यात पाय सोडून बसले होते, आम्हीही बसलो. मग आल्बेर्गेत गेलो. तिथल्या होस्पितालेरोने, म्हणजे यात्रेकरूंची देखभाल करणाऱ्याने, क्रेदेन्सियालवर (यात्रेकरूच्या ओळखपुस्तिकेवर) शिक्का मारला आणि माझे फोड पाहून न विचारता मिठाच्या कोमट पाण्याची बादली आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पोनफेर्रादा, टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या संघाच्या सरदारांच्या किल्ल्याचं शहर. ते अवघ्या दोन तासांवर असल्याने सकाळी उशिरा निघायचं आम्ही दोघींनी ठरवलं.