तेवीस दिवस

शनिवार, रात्री पावणेबारा

‘असू दे रे,’ एवढंच म्हणाले सर. संध्याकाळपासून तेच कानात आहे.

संध्यामठाच्या बाजूला कठड्यावर बसले होते. एकटेच. पूर्वी दोघं असायचे, सर आणि काकू. मी गाडी लावून गेलो, पाया पडलो, थोडं इकडचं तिकडचं झालं, रंकाळ्याचं पाणी, माझं काम, आईचा गुडघा. मग त्यांनीच विषय काढला, आणि काढतानाही माझीच बाजू सांभाळून काढला. ‘तुला ती चार पानं पाठवली होती. गडबडीत राहून गेलं असेल. असू दे रे, घाईचं काही नव्हतं.’

मी म्हटलं, सर, मी उत्तर लिहिलंय. तेव्हाच लिहिलंय, मोठं लिहिलंय. त्यांनी मान हलवली. वर्गात कुणी ‘गृहपाठ केलाय सर, वही घरी राहिली’ म्हटलं की अगदी अशीच मान हलवायचे. खोटं ठरवायचे नाहीत, खरंही धरायचे नाहीत.

मी त्यांचा फोन मागून घेतला. इनबॉक्समध्ये नव्हतं. स्पॅममध्ये गेलो. वर विनातारण कर्ज, खाली गुडघेदुखीवरचं तेल, आणि मधे माझं पत्र. विषयाच्या जागी मी फक्त ‘काकू’ एवढंच लिहिलं होतं.

तेवीस दिवस ते तिथं पडून होतं. तीस दिवस झाले की त्या कप्प्यातलं आपोआप पुसलं जातं. आज मी रंकाळ्यावर गेलो नसतो तर अजून आठवडाभरात ते पत्र कुठंच राहिलं नसतं, आणि सरांच्या लेखी मी उत्तर न दिलेला माणूस राहिलो असतो. कायमचा. ते कधी बोलूनही दाखवणार नव्हते.

त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, पहिली ओळ वाचली असावी. मग फोन खिशात ठेवला. ‘घरी जाऊन वाचतो,’ म्हणाले आणि उठले. मी सोडतो म्हटलं तर नको म्हणाले.

घरी आल्या आल्या जिन्याखालचा लॅपटॉप उघडला, माझा घरचा मेल सर्व्हर त्याच्यावरच चालतो. चप्पलही काढली नव्हती. जुने लॉग, म्हणजे आल्या-गेल्या पत्रांच्या नोंदी, गुंडाळून ठेवलेले असतात, ते सोडवून त्या रात्रीची ओळ शोधली. सापडली. रात्री ११ वाजून ४२ मिनिटं, सरांचा पत्ता, स्टेटस सेंट, आणि पुढं २५०.

हा २५० मी गेली कित्येक वर्षं बघतोय. आपला सर्व्हर पत्र देतो आणि समोरचा ‘घेतलं’ म्हणतो, तेव्हा येणारा हा आकडा. तो १९८२ चा, जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवायच्या पद्धतीचे, नियम लिहिले तेव्हापासूनचा. २००८ च्या सुधारित नियमांत हे स्पष्ट लिहून ठेवलंय की एकदा २५० म्हटलं की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची. पुढं पोचवायचं, नाही जमलं तर पाठवणाऱ्याला कळवायचं. क्षुल्लक कारणानं हरवायचं नाही. त्या रात्री ती ओळ बघून मी दिवा घालवला आणि शांत झोपलो. सरांना कळलं, असं मला वाटलं. तेवीस दिवस मला तसंच वाटत होतं.

समोरच्यानं नियम मोडलेला नाही. हरवलं नाहीच. बाजूला ठेवलं.

मग दुसऱ्या दिवशीचा डीमार्कचा अहवाल काढला. मोठ्या मेल कंपन्या तो आपणहून पाठवतात, तुमच्या डोमेनच्या नावानं आमच्याकडं काय काय आलं ते. त्यात ते पत्र होतं. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, माझा, संख्या १, एसपीएफ पास, डीकेआयएम पास. म्हणजे हे पत्र याच घरातून निघालं, सही याच घरातली, वाटेत कुणी अक्षर बदललेलं नाही, हे त्यांना पूर्ण पटलेलं होतं. पुढं कारवाई या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलंय. काही नाही! आणि काकूंबद्दलचं पत्र कर्ज आणि तेलाच्या मधे.

हे लिहिताना हात थरथरतोय. राग आहे की काय आहे, मला नीट सांगता येत नाही.

मी काय करायचं बाकी ठेवलंय? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे उभं केलं. लॅपटॉपवर डेबियन, पत्रं द्यायला-घ्यायला पोस्टफिक्स, ती ठेवायला आणि वाचायला डव्हकॉट. लॅपटॉप जुना, पण बॅटरी चांगली, लाइट गेली तरी तासभर तग धरतो. आधी तर कळलं की आमच्या जोडणीला स्वतःचा आयपीच नाही, अख्खी गल्ली एकाच पत्त्यामागं. बाहेरून कुणी दार वाजवायचं म्हटलं तर दारच नाही. मग महिन्याला जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतला. मग पंचवीस नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरकडून सर्व्हरकडं मेल जायचं दार, बाहेर जायला बंद. ते उघडून घ्यायला दोन महिने. मग आयपीवरून उलटं नाव शोधलं तर आकड्यांचीच माळ यायची, आणि ते उलटं नाव मला बदलता येत नाही, ज्याच्या मालकीचा आयपी त्यालाच येतं. तिथं फोनवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून. शेवटी झालं. मग मेल अडवायला वापरतात त्या एका यादीत आमचा आयपी निघाला. तुम्ही काही वाईट केलं म्हणून नाही, असं तिथं लिहिलं होतं, ही घरगुती जोडणी आहे आणि घरगुती जोडणीवरून थेट मेल जाणं अपेक्षित नाही म्हणून. अर्ज करून तिथूनही नाव काढून घेतलं.

घरगुती म्हणून.

कारण मला कळतं. लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरायचे आणि त्यांच्या नकळत तिथून लाखो मेल बाहेर पडायच्या, म्हणून तर पंचवीस नंबर बंद करायची पद्धत पडली. ज्यानं सगळ्या जगाचा कचरा गाळायचा त्यानं काहीतरी खूण धरायलाच हवी. आमच्या शेजारच्या आयपींवर काय चाललंय ते मला माहीत नाही, आणि मेल गाळणारे शेजारही बघतात. हे सगळं कळून झालं तरी गळ्याशी काहीतरी अडकतंच. आमच्या पेठेत घरातून काय बाहेर जात नाही? आईची कांदा-लसूण चटणी दर महिन्याला पुण्याला जाते. चपला घरात शिवल्या जातात, दागिने घरात घडतात. घरचं आहे म्हटलं की लोक जास्त विश्वास टाकतात. इथं मात्र घर हाच संशय.

बाबांची पत्रांची तार अजून माळ्यावर आहे. आलेलं प्रत्येक पत्र ते तारेला टोचून ठेवायचे, पोस्टकार्डं, निळी अंतर्देशीय, सगळी. एकही टाकलं नाही. मला तसंच हवं होतं, घरातली पत्रं घरात. बाकी त्याबद्दल आज नको.

आई जेवायला हाक मारून थकली. शेवटी स्वतः जिन्यापाशी आली. ‘काय करालाईस? झालं न्हाई का अजून तुझं पोस्ट ऑफिस?’ तिला सगळं सांगितलं. स्पॅम म्हणजे काय तेही. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘मग घरी का न्हाई गेलास त्यांच्या? शिवाजी पेठेत जायला किती येळ लागतोय.’

चालत वीस मिनिटं. शुक्रवार पेठेतून सरांचं घर चालत वीस मिनिटांवर, आणि माझं पत्र कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रात तेवीस दिवस पडून होतं कोण जाणे. तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते तिला देता आलं नाही. समोर बसून ते बोलता आलं नसतं. काकूंनी मला दहावीच्या वर्षी रोज संध्याकाळी बसवून जेवायला घातलं, ते सरांना माहीत आहे. पण बाबा गेले त्या आठवड्यात त्या एकट्याच आमच्या घरी आल्या होत्या आणि काय म्हणाल्या होत्या, ते सरांना माहीत नाही. ते मी पहिल्यांदाच कुणाला लिहिलं. लिहायला नऊ दिवस लागले. सरांनीही ती चार पानं मला समोर वाचून दाखवली नाहीत, पाठवली. त्यांनाही लिहूनच जमलं.

जेवण गेलं नाही. परत येऊन बसलो.

२०२१ च्या जुलैची आठवण आली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच ओलांडली होती, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि आम्ही आत्याकडं राजारामपुरीत गेलो. लाइट बंद, लॅपटॉप माळ्यावर गाठोड्यात. चौथ्या दिवशी परत आलो, चिखल काढायच्या आधी मी वायरी जोडल्या, आई ओरडली होती. आणि पत्रं यायला लागली. एकसष्ट. ज्यांच्या सर्व्हरला चार दिवस आमचं दार बंद दिसलं, ते सगळे थोड्या थोड्या वेळानं पुन्हा येऊन बघत राहिले होते. नियमच तसा आहे, चार-पाच दिवस तरी थांबावं, लगेच परत फिरू नये. त्या दिवशी मला या व्यवस्थेबद्दल जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आख्खं शहर पाण्यात होतं आणि कुठली कुठली यंत्रं आमची वाट बघत होती.

सरांनीही वाट बघितली.

आता इथं मी संध्याकाळपासून अडलोय. या तेवीस दिवसांत ते रोज फोन उघडत असतील. एखाद्या दिवशी वाटलं असेल, आपण ह्याला उगीच पाठवलं. मग कधीतरी त्यांनी माझ्यासाठी कारण शोधलं, कामाची गडबड. पत्र आज त्यांना मिळालं, पण ते दिवस मी त्यांना परत कसे देणार?

आणि मी? मी त्या तेवीस दिवसांत काय केलं? हे आत्ता लिहितानाच ध्यानात येतंय. माझ्या पत्राला सरांचं उत्तर आलं नाही, हे मलाही दिसत होतंच. एकदा वाईटही वाटलं. मग मी म्हटलं, त्यांना जड जात असेल, विचारायचं नाही, वेळ देऊ. म्हणजे मीही त्यांच्यासाठी कारण शोधलं होतं. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत गप्प बसलो होतो. हे लक्षात आल्यावर छातीतला ताण जरा उतरला. दुःख आहेच, पण अपमान झाल्यासारखं वाटत होतं ते उरलं नाही. सरांनी मला वाईट ठरवलं नव्हतं. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं, आणि मीही तिकडं मनात तेच म्हणत होतो.

दादा कधीपासून सांगतोय, जाणारी पत्रं रिलेवरून सोड. ज्यांचे आयपी मोठ्या कंपन्या ओळखतात अशांच्या हातात द्यायची आणि त्यांनी पुढं पोचवायची. मी ऐकलं नाही. मग घरचं काय राहिलं, असं मी दरवेळी म्हणायचो. आज ते म्हणणं सरांच्या फोनमधल्या त्या यादीसमोर टिकत नाही. पत्र माझं असलं तरी ते ज्याला लिहिलं त्याचंही आहे. माझ्या हट्टाची किंमत त्यानं का द्यायची?

साडेदहाला बसलो आणि केलं. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टची एक ओळ, पोर्ट ५८७, पासवर्डची फाइल, एसपीएफच्या नोंदीत, म्हणजे आमच्या नावानं कुणी पाठवायचं त्या यादीत, रिलेचं नाव. एवढंच होतं, अर्ध्या तासाचं काम. डीकेआयएमची सही अजून इथंच होते, पत्र घराबाहेर पडायच्या आधी, आमच्याच किल्लीनं. आणि प्रत्येक पत्राच्या वर ‘रिसिव्ड’च्या ओळी असतात, कोण कोणाकडून घेतलं त्याच्या, त्यात खालच्या ओळीला आमच्या सर्व्हरचं नाव राहतंच. बघणारा बघेल. येणारी पत्रं तर थेट इथंच येतात, जिन्याखाली, त्यात काही बदल नाही.

आईच्या फोनवर एक पाठवून बघितलं. ती झोपली होती, फोन मीच उघडला. इनबॉक्समध्ये होतं. लॉगमध्ये तोच २५०. आज त्याच्याकडं बघून दिवा घालवावासा वाटला नाही.

सरांना पुन्हा पाठवायचं नाही. त्यांच्याकडं आहे ते. आत्तापर्यंत वाचून झालं असेल, किंवा काकूंच्या त्या प्रसंगापाशी थांबले असतील. फोन करावा असं दोनदा वाटलं, पण बारा वाजत आले.

रविवारी ते साडेसहाला फिरायला निघतात. सव्वासहाला जाईन, त्यांच्या दारात. गंगावेशीतून दूध घेऊन जाईन, एकट्यासाठी ते आणत नाहीत हल्ली. आईला आत्ताच उठवून सांगायला नको, सकाळी सांगेन.