डासांच्या बोर्डावर एक जागा रिकामी आहे

लेकीच्या बाळंतपणासाठी यंदा, म्हणजे २०२४ मध्ये, साडेचार महिने कॅलिफोर्नियात होते. सॅन मटेओ काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) एक छोटं गाव. दुपारी नातवाला ढकलगाडीत घालून लायब्ररीपर्यंत चक्कर मारायची, हा रोजचा नेम. तिथे दाराशी नोटीस बोर्ड होता. एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढल्यामुळे नोटीस बोर्ड दिसला की माझे पाय आपोआप थांबतात. लिहिलेलं काही असो, वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तर त्या बोर्डावर एक साधा कागद होता: डास व रोगवाहक नियंत्रण डिस्ट्रिक्टच्या विश्वस्त मंडळावर आपल्या शहराची एक जागा रिकामी आहे, शहरात राहणाऱ्या आणि मतदार असलेल्या व्यक्तींनी सिटी क्लार्ककडे अर्ज करावा.

मी दोनदा वाचलं. डासांचं मंडळ, आणि त्यावर जायला अर्ज! संध्याकाळी जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, इथे राहून मला अकरा वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकतोय." मग त्याने घरपट्टीचं बिल काढलं. त्यात डासांसाठी खरंच वेगळी ओळ होती, थोडीशीच रक्कम. अकरा वर्षं भरत होता बिचारा.

बाळ झोपलं की मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून या प्रकरणाच्या मागे लागले. तिकडे डासांसाठी स्वतंत्र स्थानिक संस्था असते, तिलाच डिस्ट्रिक्ट म्हणतात. ती नगरपालिकेचा विभाग नाही की काउंटीचं खातं नाही, तिची तिची वेगळीच. कॅलिफोर्नियात यासाठीचा पहिला कायदा १९१५ साली झाला आणि २००२ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. डिस्ट्रिक्टच्या हद्दीतल्या प्रत्येक शहराची नगर परिषद एक विश्वस्त नेमू शकते, शिवाय काउंटीचं मंडळ आपला माणूस नेमतं. सॅन मटेओत २० शहरं आहेत, म्हणून २० आणि काउंटीचा १ असे २१ विश्वस्त. मुदत दोन किंवा चार वर्षं, ती नेमणारे ठरवतात. पगार नाही. प्रवासखर्च मिळतो, किंवा त्याऐवजी महिन्याला जास्तीत जास्त १०० डॉलर. म्हणजे चहापाणीच. साहजिकच अर्ज कोण करत असेल ते मला न सांगता कळलं: माझ्यासारखे निवृत्त लोक, ज्यांना मीटिंगशिवाय करमत नाही.

हे २१ समान, ही गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटली. डेली सिटी नावाचं लाखभर वस्तीचं शहर, त्याचा एक विश्वस्त. आणि कोल्मा नावाचं गाव आहे, तिथे जिवंत माणसं दीड हजारांच्या आसपास आणि बाकी सगळ्या दफनभूमी. सॅन फ्रान्सिस्कोने आपली मढी शहराबाहेर काढली ती तिथे. कोल्माचाही एक. लेक म्हणाली, हा अन्याय नाही का? मी म्हटलं, अगं, दफनभूमीत थडग्यापुढे फुलदाण्या असतात, त्यात पाणी साठतं. डासाला मतदारसंख्या कशी कळणार? डेली सिटीने कितीही औषध मारलं आणि कोल्माच्या फुलदाण्या तशाच राहिल्या तर उपयोग काय?

कायद्यातलं आणखी एक कलम मी वहीत उतरवून घेतलं. विश्वस्ताने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा आणि सगळ्या जनतेचं हित बघायचं, ज्या परिषदेने नेमलं फक्त तिचं नाही. नेमणूक शहराची, पण इमान साऱ्या डिस्ट्रिक्टशी. आता हे कागदावर फार छान दिसतं. नगर परिषद आपल्यातल्याच एखाद्या सदस्यालाही तिथे पाठवू शकते, तशी कायद्यात खास मुभा आहे. मग तो कोणाचं ऐकत असेल, देव जाणे. पण निदान लिहून तरी ठेवलंय.

आणि तो लायब्ररीतला कागदही कोणाच्या हौसेने लागलेला नव्हता. १९७५ सालच्या मॅडी कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत यादी काढावी लागते: आपण कोणकोणत्या मंडळांवर माणसं नेमतो, सध्या कोण आहे, मुदत कधी संपते, पात्रता काय. मुदतीआधीच कोणी सोडून गेलं तर २० दिवसांत सूचना लावायची, आणि ती लावल्यावर कामाचे किमान १० दिवस गेल्याशिवाय नेमणूक पक्की करायची नाही. बँकेत आमच्याकडे स्वीकृत संचालक कसे यायचे ते मी पाहिलंय. सकाळी मीटिंग आणि दुपारी पेढे. दहा दिवस कागद भिंतीवर राहायला हवा, ही अट कोणी घातली त्याला माझा नमस्कार.

सगळीकडे नेमणूकच असते असंही नाही. फ्लोरिडात कितीतरी ठिकाणी डासांच्या मंडळाची चक्क निवडणूक होते. फ्लोरिडा कीज बेटांवर पाच कमिशनर मतदारांनी निवडून दिलेले. जनुकीय बदल केलेले डास सोडायचे की नाहीत, यावर तिथे २०१६ च्या नोव्हेंबरात लोकांचा कौल घेतला. काउंटीने हो म्हटलं आणि जिथे सोडायचे होते त्या 'की हेवन' नावाच्या वस्तीतल्या लोकांनी नाही म्हटलं! शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये मंडळाने ४ विरुद्ध १ मतांनी मंजुरी दिली आणि २०२१ मध्ये दुसऱ्या बेटांवर डास सोडले. निवडून आलेला बरा की नेमलेला, यावर जावयाशी माझा एक आख्खा रविवार वाद झाला. तो निवडणुकीच्या बाजूने. मी म्हटलं, डासांसाठी प्रचार करून बघ, मग बोल.

जूनच्या मध्याला पुण्यात परत आले आणि दहा दिवसांत एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडल्याची बातमी. आमचं कर्वेनगर ते एरंडवणे अंतर ते किती! बेलसरला २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका सापडला तेव्हा आम्ही "पुरंदरला ना" म्हणून पान उलटलं होतं. या वेळी पान उलटता येईना. वर चिकुनगुन्या होताच. आमच्या ए विंगेतल्या चौघी अजून जिना उतरताना कठडा धरतात.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच मागणी: धूरवाल्याला बोलवा. मी माजी नगरसेवकांना फोन केला. ते बिचारे सभ्य माणूस. म्हणाले, "ताई, शब्द टाकतो, पण मी आता माजी आहे." खरंच होतं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकच होते. आपल्याकडे डासांचं काम आरोग्य खात्यातल्या कीटक प्रतिबंधक विभागाकडे असतं आणि त्याच्यावर डासांपुरतं वेगळं मंडळ नाही. सभागृह असतं तेव्हा पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. त्यात १६ नगरसेवक, दरवर्षी निम्मे निवृत्त, पहिल्या खेपेला कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून. (कॅलिफोर्नियातही नव्या डास मंडळात कोणाची मुदत आधी संपणार ते चिठ्ठ्यांनीच ठरतं. वाचून मला फार बरं वाटलं.) पण त्या १६ जणांपुढे रस्ते, पाणी, कचरा, पूल असं सगळं असतं. डास असतात कुठेतरी शेवटच्या पानावर.

जुलैत महापालिकेची माणसं सोसायटी तपासायला आली आणि नोटीस देऊन गेली. चूक सर्वस्वी आमची. बी विंगेच्या गच्चीवर रंगकामाचं उघडं पिंप, बागेत बंद पडलेलं कारंजं आणि तिसरी जागा सांगायला मला अजून लाज वाटते. माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतली मनी प्लँटची बाटली. साडेचार महिने शेजारीण त्यात इमानाने पाणी ओतत होती. त्या मुलाने बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, "काकू, या बघा अळ्या." नाचत होत्या. आदल्या आठवड्यात मी ग्रुपवर स्वच्छ पाण्यातल्या एडिस डासावर मोठ्ठा मेसेज टाकला होता.

त्या शरमेतून ऑगस्टच्या सभेत मी डास समितीचा ठराव मांडला. चेअरमन लगेच म्हणाले, "करून टाकू की. मी तीन नावं देतो." मी म्हटलं, नाही. नावं मॅनेजिंग कमिटीने द्यायची नाहीत, प्रत्येक विंगेने आपला एक माणूस द्यायचा. ए आणि बी मध्ये ४४-४४ फ्लॅट, सी मध्ये २८ आणि मागे सहा रो-हाउस. चौघांना एकेक मत. यावर पाऊण तास गेला. "सहा घरांना ४४ एवढंच मत?" असं ए विंगेतले एक काका टेबल आपटून विचारत होते. मी कोल्मा सांगितलं. दफनभूमीशी तुलना केली म्हणून रो-हाउसवाले रुसले, पण मत मिळतंय म्हटल्यावर गप्प बसले.

लिफ्टशेजारी कागद लावला, दहा दिवस. ए मधून तीन नावं आली, सी मधून दोन, रो-हाउसमधून एक. बी मधून शून्य. शेवटी बी विंगेने सभेला न आलेल्या एका आयटीवाल्या मुलाला परस्पर नेमलं. ही पद्धत कॅलिफोर्नियातही कुठेतरी चालत असणार, माझी खात्री आहे. मग दोघांना एक वर्ष आणि दोघांना दोन, म्हणजे सगळे एकदम जाणार नाहीत. चिठ्ठ्या रो-हाउसमधल्या सात वर्षांच्या मुलीने उचलल्या. आयटीवाल्याला दोन वर्षं आली. त्याचा चेहरा!

मी स्वतः समितीत नाही. मनी प्लँटनंतर तेवढी लाज बाळगायलाच हवी होती. मी फक्त इतिवृत्त लिहिते.

पहिल्याच बैठकीत धुराचा विषय आला. सी विंगेने आपल्या प्रतिनिधीला, निवृत्त कर्नलसाहेबांना, बजावून पाठवलं होतं की खासगी धूरवाला दर आठवड्याला आलाच पाहिजे. बागेला लागून त्यांचीच विंग, डासही त्यांच्याकडेच जास्त. आयटीवाला मुलगा, जो आपणहून आलाच नव्हता, त्याने सगळी तयारी केली होती. धूर फक्त उडत्या डासांना मारतो, अळीला आणि अंड्याला काही होत नाही, एडिसची अंडी तर कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत नवा डास. तेवढ्या पैशांत गच्चीवरच्या सगळ्या टाक्यांना घट्ट झाकणं येतात, ओव्हरफ्लोच्या पाइपांना जाळ्या येतात आणि कारंज्यात गप्पी मासे. कर्नलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि धुराच्या विरोधात मत दिलं. ठराव चार विरुद्ध शून्य.

सी विंगेत त्या रात्री काय झालं ते मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जिन्यातल्या बायका माझ्याशी बोलेनात, "तुमच्या अमेरिकेच्या समितीमुळे आमचा माणूस फुटला" म्हणून. त्यांना बदली माणूस पाठवायचा होता. मी वहीतलं कलम वाचून दाखवलं: नेमणूक विंगेची, काम सोसायटीचं. एक बाई म्हणाल्या, "मग आम्ही नेमलं तरी कशाला?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या वीस नगर परिषदांनाही कधीतरी हाच प्रश्न पडत असेल. कर्नलसाहेब मात्र रोज सकाळी सातला कारंज्यापाशी उभे राहून मासे मोजतात.

सप्टेंबरमध्ये, गणपती गेल्यावर, ए विंगेच्या प्रतिनिधी बाई मुलीकडे बंगळूरला गेल्या, मार्चपर्यंत. तिथेही बाळंतपणच. म्हणजे मुदतीआधी जागा रिकामी. मी नियमाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी लिफ्टशेजारी कागद लावला: डास समिती, ए विंगेची एक जागा, इच्छुकांनी नाव द्यावे, मुदत दहा दिवस.

काल दहावा दिवस. नाव एकही नाही. कागदाच्या तळाशी कोणीतरी निळ्या पेनाने लिहिलंय, "धूरवाला कधी येणार?"