मॅक रेबॉय यांची रेषा

आज सुट्टीचा बहुतेक वेळ ‘कॅप्टन मार्व्हल ज्युनियर’ या सुपरहिरो कॉमिकची १९४०च्या दशकातली जुनी पाने पाहण्यात गेला आणि मॅक रेबॉय या अमेरिकी चित्रकाराने मला अक्षरशः बांधून ठेवले.

न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली जन्मलेल्या रेबॉय यांनी महामंदीच्या काळात सरकारी कला-योजनेसाठी लाकडावर कोरीव चित्रे केली होती. त्या कामातली शिस्त त्यांच्या प्रत्येक रेषेत उतरली आहे, असे मला वाटते. फॉसेट प्रकाशनाने १९४१मध्ये आणलेला नायक कॅप्टन मार्व्हल ज्युनियर म्हणजे एरवी कुबडी घेऊन वर्तमानपत्रे विकणारा फ्रेडी फ्रीमन. चित्रकार सी. सी. बेक यांचा मूळ कॅप्टन मार्व्हल सोप्या, गमतीदार रेषांचा होता. रेबॉय यांचा ज्युनियर मात्र सडपातळ, डौलदार आणि हवेत खरोखर तरंगणारा वाटतो.

अडचण एवढीच होती की रेबॉय अतिशय सावकाश काम करत आणि मासिकाची मुदत कुणासाठी थांबत नाही. म्हणून पार्श्वभूमी सहायकांकडे सोपवली जाई आणि आधी काढलेल्या आकृत्यांच्या छायाप्रती नव्या पानांवर चिकटवल्या जात. हे कळल्यावर एकच उड्डाण पुन्हा कुठे दिसते, हे शोधण्याचा नादच लागला. याला कुणी आळस म्हणेल; मला तर ती हलक्या रेषेशी तडजोड न करण्याची हट्टी युक्ती वाटते.

पुढे १९४८पासून १९६७मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘फ्लॅश गॉर्डन’ या अंतराळ-साहसकथेची वर्तमानपत्रातली रविवारची चित्रमालिका काढली.