वही, पंखा आणि डावी बाजू

"मी गेल्यावर" अशी आईने सुरुवात केली की आम्ही भावंडे तिचे वाक्य पुरे होऊच देत नसू. "असं अभद्र बोलू नकोस, बरी होशील तू," हे आमचे ठरलेले उत्तर असे. आजार यकृतापर्यंत पोहोचला आहे आणि यापुढचे उपचार वेदना कमी करण्यापुरतेच राहतील, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितले होते. म्हणजे खोटे बोलत होतो ते आम्ही, आणि ते निमूट ऐकून घेण्याचे कष्ट मात्र तिला पडत होते. अखेर एका रात्री तिने मला दटावले, "तुला धीर होत नसेल तर ताईला बोलाव. पण कुणीतरी वही घ्या."

वही मीच घेतली.

मृत्युपत्र तिने पूर्वीच करून ठेवले होते, त्यामुळे घर-दागिन्यांचा विषय दोन मिनिटांत आटोपला. मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, हे वाक्य तिने दोनदा लिहायला लावले आणि खाली थरथरत्या हाताने सही केली. दादा परगावी असतो; ऐन वेळी धावत येऊन तोच "काय वाट्टेल ते करा, पण वाचवा" म्हणेल, म्हणून त्याला हे आजच वाचून दाखव, असेही तिने बजावले.

पुढे नेत्रदान. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळे कोण घेणार, अशी माझी शंका होती. पण नेत्रदानात उपयोग होतो तो बुब्बुळावरच्या पारदर्शक पटलाचा, आणि मोतीबिंदू असतो आतल्या भिंगात, हे तिने डॉक्टरांकडून आधीच समजून घेतले होते. साधारण 6 तासांच्या आत नेत्रपेढीची माणसे यायला हवीत. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. "पंखा बंद" या शब्दांखाली तिने रेघ मारायला लावली, कारण रडारडीत नेमके तेच राहून जाईल, अशी तिची खात्री होती.

बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले असूनही त्यांच्याविषयी बोलताना तिने आवाज खाली आणला. "त्यांना उजव्या कानाने फारसं ऐकू येत नाही, पण ते कबूल करायचे नाहीत. डाव्या बाजूला बसून बोलत जा. आणि माझं कपाट लगेच रिकामं करू नका, पण वर्षानुवर्षं मांडूनही ठेवू नका."

शेवटचे दोन दिवस ती बोलली नाही. मृत्यूच्या दारातल्या बेशुद्ध माणसांपैकी काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देतो, असे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या 2020 मधील एका अभ्यासात दिसले होते. तेवढ्या आधारावर, तिचे कोरडे ओठ ओल्या कापसाने टिपत, मी ती वही पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवली.

ती गेल्यावर मी उठेपर्यंत बाबांनी पंखा बंद केलेला होता. त्या रात्री ते झोपलेले नव्हते, हे मला तेव्हा कळले. आता मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला बसतो, आणि ते कारण विचारत नाहीत.