सहा हजारांतली एक

बल्कहेडवरची, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवरची, पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि चेसिस नंबर वाचला. सहा हजारांच्या आतला. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, गाडीच्या फरशीला पडलेल्या भोकातून खालचं गवत दिसत होतं, आणि माझा निर्णय झालेला होता.

व्होल्वो पी १८०० ही स्पोर्ट्स कूपे १९६१ ते १९७३ अशी बारा-तेरा वर्षं निघाली. पण पहिल्या सहा हजार गाड्या स्वीडनमध्ये जुळल्याच नाहीत. त्यांच्या बॉडीचा पत्रा स्कॉटलंडमधल्या लिनवुडला, प्रेस्ड स्टील कंपनीच्या कारखान्यात घडला आणि जुळणी झाली इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचला, जेन्सन या मोटार कंपनीकडे. मी बर्मिंगहॅमला राहतो. ज्या केल्विन वे रस्त्यावर जेन्सनचा कारखाना होता, तो माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. ही गाडी मला इतक्या जवळ सापडली, याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

जेन्सनपर्यंत हे काम आलं, तेही वळणावळणाने. व्होल्वोची आधीची फायबरग्लासची स्पोर्ट्स कार, पी १९००, सत्तरीही न गाठता बंद पडली होती. नव्या गाडीचं डिझाइन इटलीत, फ्रुआच्या स्टुडिओत झालं. ते काढणारा पेले पेटरसन मात्र स्वीडिश होता, व्होल्वोच्याच सल्लागाराचा तरुण मुलगा. (पुढे त्याने शिडाच्या बोटींच्या शर्यतीत दोन ऑलिंपिक पदकं मिळवली. गाडीची मागची रेष पाहिली की बोटीचा कणाच आठवतो.) जुळणीसाठी आधी जर्मनीतल्या कारमानचं नाव पुढे होतं, पण फोक्सवॅगन हे कारमानचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, आणि फोक्सवॅगनने हे काम घेऊ दिलं नाही. मग इंग्लंड. दहा हजार गाड्यांचा करार झाला. गुणवत्तेवरून कुरबुरी वाढल्या आणि १९६३ मध्ये सहा हजारांवर थांबवून व्होल्वोने जुळणी गोथेनबर्गच्या लुंडबी कारखान्यात नेली. तेव्हापासून नावापुढे ‘एस’ लागला, स्वीडनचा. माझ्या गाडीपुढे तो ‘एस’ नाही.

काम सुरू केलं २०१९ च्या हिवाळ्यात. पहिला धक्का दाराखालच्या सिलचा. या गाडीला वेगळी चौकट नाही, सगळा भार बॉडीच्याच पत्र्यावर. आणि सिल म्हणजे एकावर एक पत्रे जोडून केलेली बंद पेटी. बाहेरून ती लाल, चकचकीत. ग्राइंडर लावला तर लाल रंगाखाली बोटभर पुट्टी, पुट्टीखाली चेपून बसवलेली जाळी आणि जाळीमागे काहीच नाही. कधीतरी कुठल्याशा गॅरेजने गंज न काढता तसाच झाकून टाकला होता. इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. ते पेटीत शिरलं आणि पत्रा आतून खात राहिलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या जोडून घ्यायच्या, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि मग दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची. जुने स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपक्यांसारखे टाके, ड्रिलने एकेक काढले, त्यांची अंतरं वहीत लिहून ठेवली आणि नवे टाके त्याच अंतरांवर घातले. हे कोणाला दिसणार नाही, ते आत बंद झालंय. पण लिनवुडच्या माणसाने जिथे टाका घातला होता, तिथेच माझाही पडावा असं मला फार वाटत होतं. या एका कामात अकरा महिने गेले.

पुढच्या मडगार्डवर रंग उतरवताना खाली मूळचा राखाडी रंग लागला, आणि त्याखाली शिसं. त्या काळी पत्र्यांचे सांधे शिसं वितळवून भरत आणि कानशीने घासून सारखे करत. तिरक्या उजेडात कानशीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मी व्हिडिओ कॉल लावून बाबांना दाखवल्या. बाबांचं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं.

“फोन जरा तिरका धर,” ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प. “डावखुरा दिसतोय रे माणूस. बघ, रेघा कुठून कुठं चालल्यात.”

त्या दिवसापर्यंत माझ्या मनात मडगार्ड अख्खं बदलायचं होतं. नवं मिळतं, काम सोपं होतं, रेषाही स्वच्छ येते. मी ते केलं नाही. खालचा वीतभर सडका भाग कापून नवा जोडला आणि वरचा शिशाचा सांधा हात न लावता ठेवला. जिथे शिसं काढावंच लागलं, तिथे ते कोरडं घासलं नाही, कारण ती धूळ विषारी असते. हळूहळू तापवून, मास्क घालून, शेडचं दार उघडं ठेवून काढलं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

इंजिनाने त्या मानाने फार छळलं नाही. बी १८, १७७८ सीसी, क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग, दणकट बांधणी. कॅमशाफ्टचं टायमिंग गिअर मात्र मूळचं फायबरचं असतं आणि त्याचे दात वयानुसार कधीही उडू शकतात. तिथे मी मूळपणाचा आग्रह सोडून स्टीलचं बसवलं; रस्त्यात बंद पडणारी गाडी मला नको होती. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या दोन्ही एसयू कार्ब्युरेटरमध्ये, हवेची झडप ज्यावर फिरते त्या थ्रॉटल शाफ्टची भोकं झिजून लांबट झाली होती, त्यामुळे हवा ओढली जायची आणि इंजिन संथ चालीवर टिकत नव्हतं. बाबांना मापं कळवली. तीन आठवड्यांनी पाकीट आलं: भोकात बसवायची पितळेची चार बुशिंगं, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेलं, कागदावर पेन्सिलीने माप. त्यातल्या एकालाही पॉलिश पेपर लावायची गरज पडली नाही.

रंग राखाडीच दिला. लाल रंगात ती जास्त देखणी दिसते, असं घरच्यांचं मत आहे आणि ते मला मान्य आहे. तरीही राखाडी.

कागदपत्रं सोपी गेली. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही, आणि मूळ बांधणीत मोठा बदल नसेल तर एमओटी या गाडीच्या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. मी ती तरीही करून घेतली. स्वतःच्या वेल्डिंगवर दुसऱ्या कोणाचा हातोडा वाजलेला मला ऐकायचा होता. तपासणीसाने सिलवर चार ठिकाणी ठोकलं. चारही वेळा भरीव आवाज आला.

गेल्या जूनमध्ये पहिला लांबचा प्रवास केला: वेस्ट ब्रॉमिच ते लिनवुड. साठ वर्षांपूर्वी नुसती बॉडी ज्या दिशेने आली, त्याच्या उलट. वाटेतल्या शॅपच्या चढावर इंजिन तापेल म्हणून डोळा सारखा काट्यावर होता. काटा हलला नाही. चढ संपल्यावर ओव्हरड्राइव्हची, म्हणजे त्याच वेगाला इंजिन संथ फिरवणाऱ्या जादा गिअरची, कळ दाबली, इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि आत बोलता येऊ लागलं. शेजारी बाबा होते. लिनवुडचा कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, तिथे आता दुकानं आहेत. पार्किंगमध्ये उतरून बाबांनी मडगार्डवर, नेमक्या त्या सांध्याच्या जागी, तळवा ठेवला. रंगाखालच्या रेघा हाताला लागत नाहीत. तरी ते बोटं फिरवत राहिले, डावीकडून उजवीकडे.