काबरीची अंडी थांबवायची आहेत: एप्रिल ते जुलै

१२ एप्रिल
खुराडं झाडायला वाकले आणि बोटांना काहीतरी गार, ओलं लागलं. सापाची कात समजून हात झटकला. पाहते तर अंडं. कवच नाहीच, नुसती कातडी. तळहातावर घेतलं तर आपल्याच वजनानं पसरलं. उन्हासमोर धरलं तेव्हा आतला बलक इकडून तिकडं सरकताना दिसत होता. अंडं काबरीचं, यात शंका नाही. बाकीच्या सहाजणी त्या वेळी उकिरड्यावर होत्या आणि ही कोपऱ्यात पिसं फुगवून उभी.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहतो. सात कोंबड्या, त्यातल्या सहा गावरान. काबरी संकरित. पिल्लं विकणाऱ्या गाडीवरून घेतली तेव्हा तो माणूस ‘गिरिराज जातीची’ म्हणाला होता, मला अजून पटलेलं नाही. वय अडीच वर्षं. गावरान कोंबडी पंधरा-वीस अंडी देते, मग खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते, आणि अंगाला आराम मिळतो. काबरी खुडूक बसतच नाही. देत सुटते. पहिली दोन वर्षं याचंच मला कौतुक होतं. ती मांडीवर येऊन बसते, त्यामुळे तिला कापायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

२० एप्रिल
आठ दिवसांत दोन बिनकवचाची, एक कागदासारखं, एक बरं. चुना कमी पडतोय, हे आजीचं निदान. पानाच्या डबीतला बोटभर चुना तिनं पाण्यात कालवला आणि मीही होकार दिला. चूक झाली. दोन दिवस कोंबड्यांनी त्या भांड्याला चोच लावली नाही. बेचाळीस अंश उन्हात पाणी तुटणं म्हणजे कवच पातळ असण्यापेक्षा मोठं संकट. भांडं धुऊन टाकलं.

मग खाद्याची गोणी उलटवून लेबल वाचलं, जे दोन महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं. ब्रॉयलरचं निघालं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, ‘कोंबडीचं खाद्य ते कोंबडीचं खाद्य, ताई.’ नाही हो. मांसाच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम असतं एक टक्क्याच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला लागतं साडेतीन ते चार टक्के. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. खाद्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते.

जाता जाता आणखी एक. गेल्या हिवाळ्यात बैलांची सरकी ढेप, म्हणजे कपाशीच्या बियांची पेंड, कोंबड्याही टिपायच्या, मी हाकलत नव्हते. तेव्हा चार-पाच दिवस ठेवलेली अंडी फोडली की बलक शेवाळी आणि पांढऱ्यात गुलाबी झाक. ते ढेपेमुळे. ज्यांच्या घरी पऱ्हाटी (कपाशी) आणि कोंबड्या दोन्ही आहेत त्यांनी ढेपेचं टोपलं झाकून ठेवावं.

२८ एप्रिल
लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, खाद्य सुरू. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, खाद्यात मिसळलेला नाही. जिला लागेल ती टिपेल. गावरानी दोन-चार दाणे टिपून निघून जातात, काबरी वाटीतच उभी राहते. वाटी संध्याकाळी ठेवते. अंडं तयार व्हायला पंचवीसेक तास, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला जातात, आणि तेही बहुतेक रात्री. तेव्हा पोटात चुरा असला तर कामाला येतो.

९ मे
आजची नोंद रात्री लिहितेय. हात अजून थरथरतोय.

सकाळी दहाला काबरी तुळशीपाशी उभी होती. अंग सरळ वर ताठलेलं, शेपटी खाली, मागचा भाग दर श्वासाला वरखाली होतोय. चोच उघडी. दोन पावलं टाकायची, बसायची, कण्हल्यासारखा आवाज करून पुन्हा उठायची. विष्ठा सकाळपासून नाही. पोटाखाली हलकेच बोटं लावली तर आत टणक गोळा. अंडं अडकलं होतं.

आज रविवार, पशुवैद्यकीय दवाखाना बंद. डॉक्टरांनी फोन उचलला, हे त्यांचे उपकार. पहिलं वाक्य: ‘दाबायचं नाही.’ आत अंडं फुटलं की कवचाच्या कडा आतून चिरतात, बलक पोटात सांडतो, मग कोंबडी वाचणं अवघड. घमेल्यात हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घेतलं, तिचं पोट बुडेल इतकंच. मी पंख धरले, आजीनं डोक्यावर ओला फडका धरला. तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणावरून:

‘काहून व, कोंबडीले आंघोळ घालून राहिली का?’

‘अंडं अटकलं तिचं.’

‘मायबाई! मंग कापून टाका ना आजच. मेल्यावर कोन खाते?’

आजीनं मान वर न करता उत्तर दिलं, ‘तुह्या सुनीले कळा आल्या तवा कापलं होतं का तिले?’ काकू आत गेल्या.

वीस मिनिटं पाण्यात, मग अंग टिपून बोटाला खोबरेल लावून मागच्या तोंडाभोवती फिरवलं, मग अंधाऱ्या खोलीत डाल्याखाली. दुपारी पुन्हा तेच. पाण्यात मान टाकून डोळे मिटायची तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, गेली. चारला डॉक्टर स्वतः येऊन कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन गेले. साडेसातला डाल्यातून आवाज आला, अंडं दिल्यावर कोंबडी करते तो नाही, एकच बारीक कर्र. डालं उचललं. अंडं एका टोकाला खरखरीत, जाड, दुसऱ्या टोकाला कागद, वर रक्ताची एक रेघ. काबरी शेजारी आडवी, डोळे उघडे. पाणी प्यायली.

११ मे
डॉक्टरांकडं घेऊन गेले. पोटात पाणी नाही, आतडं बाहेर आलेलं नाही, म्हणजे सुटली. पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय. या काळातली आणि त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंतची अंडी खड्ड्यात पुरायची, कुत्र्यालाही नाही.

मी विचारलं, खाद्य बदललं, शिंपले दिले, तरी काहून? त्यांनी उलट विचारलं, ‘दिवसभर धापते का?’ धापते तर. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापूनच अंग थंड करते. पण फार धापलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो, आणि कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. शिंपले पोटभर खाल्ले तरी दुसरा अर्धा भाग हवेत गेलेला. एवढे दिवस मी वाटीच भरत बसले होते.

२५ मे
नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पारा ४६. खुराड्याच्या दोन बाजूंना ओला बारदाना, वर पऱ्हाटीच्या काड्यांचा थर, पाण्याचं मडकं निंबाच्या सावलीत जमिनीत अर्धं गाडलेलं. खाद्य पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी काही नाही, कारण पचवतानाही अंग तापतं. काबरी निंबाखाली माती उकरून पोटानं खड्ड्यात बसते. अंडी आठवड्याला तीन, तिन्हींना कवच, एकाला सुरकुत्या.

खरं तर मला तीनही नकोत, तिच्या अंगाला आराम हवा. अंधारात जास्त वेळ ठेवलं की अंडी थांबतात, हे मला माहीत आहे. पण या उकाड्यात खुराडं बंद करणं म्हणजे भट्टीत घालणं. पावसाची वाट.

१४ जून
मृग यंदा वेळेवर. पहिल्या पावसात सगळ्याजणी ओसरीवर, काबरी एकटी अंगणात भिजत.

संध्याकाळी पाचलाच खुराड्यात, सकाळी आठला बाहेर. शिवाय आजीनं डाल्यात गवतावर चार गोटे ठेवलेत, नदीतले, अंड्याएवढे. गावात सगळे खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात, आम्ही खुडूक बसवायला बघतोय. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.

२ जुलै
शेवटचं अंडं २१ जूनला. मागच्या दोन हाडांमध्ये तेव्हा माझी तीन बोटं मावायची, आता जेमतेम दीड. म्हणजे आतून खरंच थांबतंय. वजन दोन किलो दोनशे, मे महिन्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त. मानेची पिसं झडायला लागलीत, दिसते अगदी भिकारी. लेअरचं खाद्य बंद केलं, अंडी नसताना तेवढं कॅल्शियम मूत्रपिंडांना जड जातं. ज्वारी, थोडी तुरीची चुरी, अंगणातले किडे. शिंपल्यांची वाटी तशीच ठेवली आहे, पण तिकडं आता गावरानीच जातात.

गोट्यांवर काबरी बसलेली नाही. तिथं आमची लाल गावरान बसली आहे, पाच दिवस झाले, हात घातला की चावते. आजी म्हणते खरी अंडी ठेवू खाली. चार मागून आणायची आहेत, काकूंकडूनच.