मागच्या दारचा वहाळ

कोकणात माणूस आधी जागेवरून ओळखला जातो. केळूसचे ते केळुसकर, परुळ्याचे ते परुळेकर. एकाच वाडीत चार परुळेकर निघाले की मग वरच्या घरातले, वहाळापलीकडचे अशी फोड होते आणि पोस्टमनला तेवढं पुरतं.

ॲडोबी या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं बारसं याच रीतीने झालं. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडले आणि डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वॉर्नॉक यांचं घर कॅलिफोर्नियात, लॉस अल्टोसला. घरामागून ॲडोबी क्रीक वाहायचा, तेच नाव कंपनीला दिलं. क्रीक म्हटल्यावर आपल्याला भरती-ओहोटीची खाडी आठवते, पण हा डोंगरातून उतरणारा साधा वहाळ. कंपनीचं पहिलं बोधचिन्हही वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्वा यांनीच काढलं. सगळा मामला घरातल्या घरात.

ॲडोबी म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची वीट. मातीत चिकणमाती साधारण पाव हिस्सा असावी, बाकी बहुतेक वाळू. त्यात पेंढ्याचे तुकडे आणि पाणी घालून माती पायांनी तुडवायची, लाकडी साच्यात ठासायची आणि साचा लगेच उचलून घ्यायचा. वीट काही दिवस आडवी ठेवायची, हाताळण्याजोगी झाली की कडेवर उभी करायची आणि पुढे काही आठवडे ऊन द्यायचं. भट्टी नाहीच. चिकणमाती जास्त झाली तर वीट सुकताना आकसून तडकते, वाळू जास्त झाली तर कोपरे हातात येतात. पेंढ्यामुळे तडा फार पसरत नाही.

या विटेचा खरा वैरी पाणी. वरून पडणाऱ्या पावसापेक्षा जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे वाईट. ते भिंतीचा पायथा खातात, भिंत खालून बारीक होते आणि एक दिवस वरचा भार तिला पेलवत नाही. म्हणून जोतं दगडाचं आणि उंच हवं, वळचण लांब हवी. लॉस अल्टोसच्या बाजूला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही हिवाळ्यात. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर, आणि समुद्रावरून तिरका येणारा. इथेही मातीच्या भिंती होत्या, पण पाऊस तोंडावर आला की झडीच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधावी लागत. ज्याला परवडलं त्याने जांभ्याचा चिरा लावला: साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक होत जाणारा. कच्च्या विटेचं नाव कंपनीला देण्याचं धाडस कोकणातल्या गवंड्याने केलं नसतं.

गंमत अशी की या कंपनीची कीर्ती न विरघळणाऱ्या पानामुळे झाली. १९८४ चं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणारी भाषा, मग १९९३ चं पीडीएफ. पान इथे जसं दिसेल तसंच मुंबईला दिसावं, हा त्यामागचा हट्ट. आज चिऱ्याच्या घरात बसून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला तर तोही पीडीएफच असतो.

मराठीची मात्र त्यात अजून परवड होते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या त्यांच्या जागेवर मांडलेल्या असतात. पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण काढली जाते त्याच्या आधी. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर याची नोंद फाईलमध्ये नीट नसेल, तर पान डोळ्यांना स्वच्छ दिसतं आणि मजकूर उचलून अर्जात चिकटवला की ‘किरण’ची वेलांटी भलतीकडेच जाते, जोडाक्षरं फुटतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत; ती नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर मराठीच्या जागी निव्वळ रोमन खिचडी येते. अशा वेळी नाव आणि गट क्रमांक हाताने टाइप केलेला बरा.